मराठी पान गेलं कुठे?

एक प्रयोग करून बघा. तुमच्या कॉलेजची, ग्रुपची किंवा घरच्या होमस्टेची वेबसाइट मराठी आणि इंग्रजीत असेल, तर मराठी पानाचं शीर्षक जसंच्या तसं गुगलवर टाका. मराठी पान आलं का? नसेल, तर माझी गोष्ट ऐका.

मागच्या वर्षी कॉलेजच्या पोर्टलसाठी मी एसटीच्या विद्यार्थी पासवर रिपोर्ट केला. डेपोत चार फेऱ्या, रांगेतल्या मुलींशी गप्पा, कागदपत्रांची माहिती, सगळं मराठीत. नंतर मैत्रिणीने त्याचं इंग्रजी केलं. महिन्याभराने गावाकडच्या मावसभावाचा फोन, "ताई, तुझं ते कुठेच दिसत नाही गं." शोधलं तर काय, फक्त इंग्रजी पान! ज्याच्यासाठी लिहिलं, त्यालाच सापडेना.

मला वाटलं, एकच मजकूर दोन भाषांत टाकला म्हणून गुगलने 'डुप्लिकेट' ठरवला. हा समज बऱ्याच जणांचा असतो, पण तो चुकीचा आहे. नीट केलेला अनुवाद गुगलच्या लेखी कॉपी नसतो. हां, मुख्य मजकूर इंग्रजीच ठेवून फक्त मेन्यू आणि बटणं मराठी केली, तर ती दोन पानं एकच धरली जाऊ शकतात. असलं 'मराठीकरण' आपण कमी बघितलंय का?

आमची गडबड वेगळीच निघाली. कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडलं आणि त्यात 'कॅनोनिकल' हा शब्द शोधला. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आणलेली ही खूण. एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील, तर त्यातला मुख्य कुठला, हे ती सांगते. आमच्या प्रत्येक मराठी पानावर तिथे इंग्रजी पानाचा पत्ता होता. म्हणजे मराठी पान स्वतःच सांगत होतं, 'मी नाही हो, खरं पान तिकडे!' गुगलने ते ऐकलं, त्याचा काय दोष?

मग मराठी पानाचं कॅनोनिकल मराठीकडेच वळवलं. दोन्ही पानांची एकमेकांशी ओळख करून द्यायला 'एचरेफलँग' जोडलं. ही खूण गुगलने २०११ मध्ये आणली. हे पान मराठी, हेच इंग्रजीत अमुक पत्त्यावर, एवढंच तिचं काम. पण ओळख दोन्ही बाजूंनी लागते. मराठी पानाने इंग्रजीचं नाव घेतलं आणि इंग्रजीने मराठीचं घेतलंच नाही, तर गुगल ती जोडी मानेलच असं नाही. शिवाय प्रत्येक पानाने यादीत स्वतःचंही नाव द्यायचं. मराठीचा कोड 'एमआर', हवा तर पुढे डॅश देऊन भारताचा 'आयएन'. क्रम उलटा करू नका, कारण देशांच्या यादीत 'एमआर' म्हणजे आफ्रिकेतला मॉरिटानिया! गोव्यातल्या दोस्तांची पंचाईत आणखी मोठी. एचरेफलँगसाठी गुगल दोन अक्षरी भाषाकोड मागतं आणि कोकणीला तो नाहीच, आहे तो तीन अक्षरी. पण पान कुठल्या भाषेत आहे हे गुगल मजकुरावरूनच ओळखतं, त्यामुळे कोकणी पान करायला काहीच आडकाठी नाही.

दुरुस्तीनंतर सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासायला दिलं. काही दिवसांनी मावसभावाचा स्क्रीनशॉट आला. मराठी पान, चौथ्या नंबरवर! खाली मेसेज, 'ताई, बोनाफाइडवर कुणाची सही लागते ते लिहायचं राहिलंय.'