गटात अंग का चोरलं जातं?

प्रोजेक्टच्या मुखपृष्ठावर नावं चार. पण सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्ट टाइप करत बसतो एकच जण. बाकीचे मुळात आळशीच असतात असं नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले. त्यांत माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटला. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि सहकाऱ्यांना टाळ्या वाजवण्यात व ओरडण्यातही तेच आढळलं. आपला वाटा वेगळा दिसणार नसेल, तर हात आखडतो. तो वाटा मोजला जातोय हे कळलं, की अंगचोरपणा ओसरतो. म्हणून गट लहान ठेवावा, कामाची वाटणी पहिल्याच दिवशी लिहून काढावी आणि व्हायवाला प्रत्येकाला त्याच्या भागावर प्रश्न विचारावेत. सरसकट सारखे गुण दिले, तर राबणाऱ्याचाही उत्साह मावळतो.