झोपेची गोळी आणि आपली घरे

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यांतील मधला ढळला म्हणजे सबंध घर कसे डळमळते, हे आमच्या नगरच्या वाड्यात आम्ही गतवर्षी अनुभवले.

थोरले बंधू निवर्तले आणि वहिनींची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलामच्या गोळ्या पंधरा दिवसांपुरत्या लिहून दिल्या. झोप लागू लागली. घरास हायसे वाटले. पंधरवडा सरला, पण गोळ्या सरल्या नाहीत. जुनीच चिठ्ठी दाखवून मुले त्या आणीत राहिली. चार महिन्यांत एकीच्या दोन झाल्या, आणि एके रात्री न्हाणीघरापाशी तोल जाऊन वहिनी पडल्या. हाड मोडले नाही, हे नशीब. मी जन्मभर मास्तरकी केलेला. 'ही सवय आजच मोडली पाहिजे' असे म्हणून सर्व गोळ्या केरात टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्यांस दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोळ्यास डोळा लागेना. डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, मुलांची चूक झालीच; पण तुमची अधिक भयंकर होती. अशाने फेफरेही येऊ शकते."

कारण असे, की शरीर काही आठवड्यांतच या औषधास सरावते. मग तेवढ्याच मात्रेने गुण येत नाही. आणि औषध एकाएकी तोडले तर दबलेली अस्वस्थता दुप्पट उसळते. म्हणून मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली, थोडीथोडी करूनच उतरवावयाची असते. वहिनींस त्यासाठी कित्येक आठवडे लागले.

या गोळ्या म्हणजे विष नव्हे. १९०३ साली निघालेल्या व्हेरोनलसारख्या औषधांत मात्रा किंचित चुकली तरी प्राणावर बेतत असे. १९६० नंतर आलेली लिब्रियम, डायझेपाम ही औषधे त्या मानाने पुष्कळच सौम्य. मात्र मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांच्या जोडीने घेतल्यास तीही श्वास मंदावून घात करतात. डायझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो; अशा वेळी वाहन हाकू नये. वृद्धांस तोल जाण्याचे व विस्मरणाचे भय विशेष. 'झाडपाल्याचे ते निर्धोक' हाही भ्रमच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ज्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला, तिच्यातील रिसर्पिनने कित्येकांस खिन्नता आल्याचे पुढे आढळले.

एकत्र कुटुंबात आणखी एक धोका असतो. जाऊबाईंची गोळी नणंदेस, आजोबांची नातवास, अशी देवघेव आपण माया म्हणून करतो. ती कटाक्षाने टाळावी. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देण्यास कायद्याची मुभा नाही. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम इत्यादींच्या विक्रीची नोंद दुकानदाराने निराळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावयाची असते. हा जाच नव्हे, आपलेच रक्षण आहे. गोळ्या कुलुपात ठेवाव्यात, आणि प्रारंभीच डॉक्टरांस विचारावे : किती दिवस, आणि थांबवावयाच्या कशा?

निद्रेचा खरा उपाय मात्र पथ्यात आहे. उठण्याची वेळ एकच असावी; दुपारची झोप आखूड आणि सायंकाळचा चहा वर्ज्य; झोप न आल्यास अंथरुणात तळमळत न पडता उठून बसावे. मनाचा भार असह्य झाला, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आज वहिनी गोळीवाचून झोपतात. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील कोणीतरी त्यांच्यापाशी घटकाभर बसते, आणि त्या भाऊंच्या आठवणी सांगतात. हे आम्हांस आरंभीच सुचावयास हवे होते.