परतीची वाट

शिक्षण अर्धवट सोडून उद्योग उभारणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात. ओडिशाच्या रितेश अगरवाल यांना २०१३ मध्ये महाविद्यालयाबाहेर राहण्याच्या अटीवर एक लाख डॉलरची थील पाठ्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी ‘ओयो’ सुरू झाली. ‘झेप्टो’चे दोन्ही संस्थापक स्टॅनफर्ड सोडून आले. या कथांत धाडस दिसते; त्यामागचा आधार मात्र दिसत नाही.

कर्ज काढून शिकणाऱ्या, घरातील पहिल्या पदवीधराचे गणित वेगळे असते. अभ्यासक्रम संपून साधारण वर्ष उलटले की हप्ते सुरू होणार, हे कुटुंबाने गृहीत धरलेले असते. धंदा बुडाला, तर पदवीवाचून नागरी सेवा परीक्षेला किंवा बँकेतील अधिकारीपदासाठी अर्जही करता येत नाही.

म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील तरतूद महत्त्वाची ठरते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट’मध्ये कमाल सात वर्षे जमा राहतात. परंतु परतणाऱ्याला महाविद्यालयात जागाच मिळाली नाही, तर हे श्रेयांक कागदावरच राहतील.

अझीम प्रेमजी यांनी वडिलांच्या निधनामुळे १९६६ मध्ये स्टॅनफर्ड सोडले आणि पदवी अनेक वर्षांनी पूर्ण केली. तशी परतीची वाट सामान्य विद्यार्थ्यालाही मिळायला हवी. ती मिळेपर्यंत पदवी पूर्ण करण्याचा त्याचा निर्णय भित्रेपणाचा मानू नये.