कचऱ्याच्या जुन्या जागेतील मातीचा नमुना कसा घ्यावा

गावाच्या अथवा शहराच्या शिवेवर ज्या ठिकाणी वर्षानुवर्षे केरकचरा टाकला जात होता, अशा जागा आता मोकळ्या होऊ लागल्या आहेत. कचरा उचलून नेला जातो, किंवा त्यावर मुरूम पसरून जागा सपाट केली जाते. मागे उरते ती काळी, भुसभुशीत माती. तिच्यात लावलेला पालक तरारून येतो आणि जमीन कसदार असल्याची सर्वांची खात्री पटते. परंतु पीक जोमाने वाढणे आणि ते खाण्यास निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. शिसे व कॅडमियम या धातूंचा अंश मातीत बराच वाढला तरी पुष्कळदा पीक पिवळे पडत नाही व खुरटतही नाही. तो अंश मात्र पाने व कंद यांच्या वाटे माणसाच्या पोटात जातो. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते. यास्तव अशा जमिनीत भाजीपाला घेण्यापूर्वी माती तपासणे अगत्याचे आहे.

पूर्वीचा कचरा व नंतरचा कचरा

शहरातील कचऱ्याचे खत शेतास घालण्याची पद्धत चांगलीच होती. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची पद्धत बसविली, सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली बंगलोर पद्धत पुढे आणली. त्या काळच्या कचऱ्यात राख, शेण, पालापाचोळा व भाजीची देठे यांचा भरणा असे. पुढे त्यात विजेरीचे सेल, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, तारांचे तुकडे व प्लास्टिक येऊ लागले. म्हणून जुन्या खतावर असलेला विश्वास या मातीवर ठेवता येत नाही. ती गाडीने नेऊन दुसऱ्या शेतात पसरणे तर तपासणीपूर्वी टाळावेच.

नेहमीची पद्धत येथे अपुरी का पडते

खतांची शिफारस मिळविण्यासाठी नमुना कसा घ्यावा, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावयाचे, सर्व माती एकत्र मिसळावयाची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकावयाचे, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत तसेच करीत राहावयाचे. एकाच प्रकारच्या शेतात ही सरासरी खरे चित्र देते. कचऱ्याच्या जागेत मात्र दोष सारखा पसरलेला नसतो. एका कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या असतात, तर दहा पावलांवर केवळ पालापाचोळा कुजलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. सोळा ठिकाणची माती घेतली. पंधरा ठिकाणी दर किलो मातीत २० मिलिग्रॅम शिसे आहे आणि एका ठिकाणी ९०० मिलिग्रॅम आहे. सर्व माती समप्रमाणात मिसळल्यास प्रयोगशाळेचे उत्तर येईल ७५ मिलिग्रॅम. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये शहरी कंपोस्टमध्ये दर किलोस १०० मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते. म्हणून ७५ हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत होईल. प्रत्यक्षात त्याच जागेतील एका वाफ्यात ९०० मिलिग्रॅम शिसे आहे आणि नेमकी तेथेच मेथी पेरली जाण्याचा संभव आहे. म्हणून येथे निरनिराळ्या ठिकाणची माती एकत्र मिसळू नये, हा पहिला नियम.

जमीन आरोग्य पत्रिकेविषयीही असाच गैरसमज होतो. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, तांबे इत्यादी मिळून बारा गुणधर्म पाहिले जातात. त्यांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक व पारा नाहीत. कचऱ्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब, जस्त व तांबे भरपूर असल्यामुळे पत्रिका उत्तम दिसते. पिकाच्या पोषणासाठी ती खरीच असते. निर्धोकपणाचा दाखला म्हणून तिचा उपयोग नाही.

आधी जागेची माहिती

फावडे हाती घेण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसांकडे चौकशी करावी. कचरा कोणत्या वर्षापासून पडू लागला, कोठे जाळला जाई, भंगार कोठे निवडले जाई, पूर्वी तेथे ओढा किंवा दगडाची खाण होती काय, पावसाचे पाणी कोणत्या बाजूस वाहते, हे विचारून गावनकाशावर खुणा कराव्यात. पुणे शहराचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी येथे दगडखाणींच्या जागी टाकला गेला, तसा प्रकार अन्यत्रही घडला आहे. अशा ठिकाणी कचरा खोल असतो व त्याचे पाणी खडकाच्या भेगांतून विहिरीकडे जाऊ शकते. म्हणून उताराकडील विहिरीचे पाणीही तपासावे.

चौकोनांची आखणी

जागेवर दोरीने सारखे चौकोन आखावेत. १० मीटर लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात असे चाळीस चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक नमुना घेतल्यास सुमारे १२ मीटर व्यासाचा दूषित डाग सहसा सुटत नाही. इतका खर्च झेपत नसल्यास प्रथम २० मीटरचे चौकोन घ्यावेत. एकरात ते दहा होतात. ज्या चौकोनात दोष आढळेल त्याच्या आसपास नंतर जवळजवळ नमुने घ्यावेत. जाळण्याची जागा, भंगाराची जागा आणि पाणी साचण्याची जागा यांचे नमुने मात्र चौकोनांव्यतिरिक्त स्वतंत्र घ्यावेत.

प्रत्येक ठिकाणी ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० व ६० ते ९० सेंटिमीटर असे थरवार नमुने घेऊन ते वेगवेगळे ठेवावेत. वर मुरूम पसरलेला असल्यास वरचा थर स्वच्छ दिसतो, परंतु पिकाची मुळे खालच्या थरात उतरतात.

तुलनेचा नमुना

दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या जमिनीत तांबे, निकेल व क्रोमियम निसर्गतःच काहीसे अधिक असतात. तो दोष कचऱ्याच्या माथी मारला जाऊ नये, म्हणून त्याच जातीच्या, परंतु कचरा कधीही न पडलेल्या चढाकडील जमिनीतून तीन-चार नमुने घ्यावेत. रस्त्याच्या कडेची माती यासाठी घेऊ नये.

अवजारे व हाताळणी

जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे घमेले, गंजलेले खुरपे किंवा पितळी चाळणी वापरू नये. त्यांचाच धातू मातीत उतरतो. स्टीलचे गिरमिट, प्लास्टिकचे घमेले व नायलॉनची चाळणी वापरावी. कमी दूषित वाटणाऱ्या जागेकडून अधिक दूषित जागेकडे जावे व प्रत्येक नमुन्यानंतर अवजार धुऊन पुसावे. माती सावलीत सुकवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी. जेथे रॉकेल, ऑइल किंवा रसायनाचा वास येतो, तेथील माती मात्र सुकवू नये. ती काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून बर्फाच्या पेटीतून पाठवावी. पिशवीवर गट क्रमांक, चौकोन, खोली व दिनांक लिहावा. दर दहा नमुन्यांमागे एका नमुन्याचे दोन भाग करून वेगळ्या क्रमांकांनी पाठवावेत. दोन्ही उत्तरे जुळली तर निकालावर भरवसा ठेवता येतो.

हातमोजे व जाड तळाचे बूट घालावेत. कचऱ्यात काचा व सुया असतात. खोल खड्ड्यात उतरू नये व तेथे विडी पेटवू नये. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो आणि तो हवेत ५ ते १५ टक्के असताना स्फोट होऊ शकतो.

निकालानंतर

प्रयोगशाळेस धातूंचे एकूण प्रमाण व पिकास उपलब्ध होणारे प्रमाण अशी दोन्ही उत्तरे मागावीत. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत धातू बरेचसे घट्ट धरले जातात. कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीत कॅडमियम पिकात सहज शिरते. म्हणून सामूही पाहणे आवश्यक आहे. दोष आढळल्यास पालेभाज्या, मुळा, गाजर व दुभत्या जनावरांचा चारा त्या जागेत घेऊ नये. तेथे वृक्षलागवड करावी, आणि माती हलवू नये.

अशी जागा बहुधा गावाची असते व तपासणीचा खर्च एका शेतकऱ्यास झेपणारा नसतो. म्हणून ग्रामसभेने ठराव करून ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेमार्फत ही तपासणी करवून घ्यावी आणि दूषित चौकोनांचा नकाशा पंचायतीच्या कचेरीत लावावा. जागा पुढे कोणाच्याही हाती गेली तरी कोठे पेरावे व कोठे पेरू नये, हे त्या नकाशावरून त्यास कळेल.