एटीकेटी लागली? खोडदला जाऊन या!

जुन्नर-आंबेगावच्या कॉलेजकरांनो, एखादा विषय राहिला म्हणून आयुष्य राहत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात वर्षभराचे क्रेडिट मिळवून थांबलात तरी सर्टिफिकेटची सोय आहे, दोन वर्षांनी डिप्लोमा. क्रेडिट एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा राहतात.

आणि शिकायचं कशासाठी? खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्याही तारेच्या जाळीच्या! वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो, खर्च वाचतो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या दुर्बिणीत फिजिक्स, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्स सगळं एकत्र नांदतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. मंचर-घोडेगावकरांनी एसटीनं नारायणगाव गाठावं, पुढे खोडद जवळच. तिथल्या लोकांना बिनधास्त प्रश्न विचारा. गाईडमधली उत्तरं पाठ करण्यापेक्षा ते जास्त कामाला येतं.