छातीत धडधडतंय, पण केसपेपर कुठल्या ओपीडीचा?

सकाळची घाटकोपर-अंधेरी मेट्रो. गर्दी रोजचीच, पण अचानक छातीत धडधडायला लागतं. हात गार पडतात, श्वास पुरत नाही. आपल्याला हार्ट अटॅक येतोय की काय, असं वाटून तुम्ही मधल्याच स्टेशनला उतरता. झालंय कधी असं?

माझं झालंय. थर्ड इयरला मुलुंडहून अंधेरीला कॉलेजला जाताना. आईचं निदान ठरलेलं, ‘डबा खात नाहीस, त्याचं हे.’ डॉक्टरांनी अॅसिडिटीची गोळी दिली. मग ईसीजी झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस.’ टेन्शन कसलं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तीन महिन्यांनी एका डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘झोप लागते का गं?’ आणि मला रडूच फुटलं. ते पॅनिक अटॅक होते.

गंमत म्हणजे उलटंही होतं. सतत थकवा, कशातच मन न लागणं याला आपण ‘डिप्रेशन’ म्हणून मोकळे होतो आणि कारण निघतं थायरॉइड किंवा कमी हिमोग्लोबिन. म्हणूनच शरीर आणि मन एकाच ठिकाणी तपासलं जायला हवं. ऑस्ट्रेलियात २००६ पासून ‘हेडस्पेस’ केंद्रं हेच करतात. १२ ते २५ वयाच्या मुलामुलींना मानसिक, शारीरिक, लैंगिक आरोग्य, व्यसन, शिक्षण-नोकरी अशी सगळी मदत एकाच छताखाली मिळते.

आपल्याकडे? कल्पना नवी नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात पोषण, लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसन, हिंसा असे विषय एकत्र घेतले आहेत. महाराष्ट्रात यासाठीची सरकारी केंद्रं ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. पण वयाची अट १० ते १९. म्हणजे सेकंड-थर्ड इयर, पहिली नोकरी, पहिलं ब्रेकअप या सगळ्याच्या ऐन वेळी तुम्ही त्यातून बाहेर! खरंतर बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आतच होते.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी यंत्रणेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे आणि ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेतच मिसळलेली असावी, असंही तो सांगतो. तुमची माहिती गुप्त ठेवणंही बंधनकारक आहे. (१८ च्या आत असाल, तर उपचारात पालकांचा सहभाग लागतो.)

एक छत मिळेपर्यंत काय करायचं? दोन्ही गोष्टी आपणच एकत्र सांगायच्या.

- डॉक्टरांकडे जाताना धडधड, पोटदुखी, डोकेदुखी यांसोबत झोप, भूक, परीक्षा, घरची भांडणं हेही सांगा. त्रास कधी वाढतो, ते मोबाइलमध्ये लिहून न्या.
- तपासण्या नॉर्मल आल्या तर ‘मग हे कशामुळे होतंय?’ असं विचाराच.
- मानसोपचारासाठी वेगळ्या ‘मेंटल’ हॉस्पिटलात जावं लागत नाही. कूपरसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात इतर ओपीडींसारखीच मानसोपचाराचीही ओपीडी असते.
- समोर बसून बोलणं जमत नसेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत, २४ तास, मराठीतूनही. जगणं नकोसं वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी उठवा.

मी आजही तीच मेट्रो पकडते. कधीकधी धडधडतं, पण आता त्याचं नाव माहीत आहे आणि कुणाला सांगायचं हेही. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी सारखं ‘अॅसिडिटी झालीय’ म्हणत असेल, तर त्याला गोळी देण्याआधी एकदा विचारा, ‘झोप लागते का रे?’