बोलिंगचा चेंडू शेवटीच का वळतो?

बोलिंग बघितलेली मुलं हमखास विचारतात: सरळ घसरत गेलेला चेंडू शेवटी एकदम वळला कसा? ‘फिरकी दिली म्हणून’ एवढं सांगून सोडू नका. फिरकी तर हातातून सुटतानाच होती! फाउल रेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेलाचा पातळ थर असतो. तिथे घर्षण कमी, म्हणून चेंडू फिरत असूनही नुसता घसरतो. पुढे कोरडा भाग आला की पकड बसते आणि तो फिरकीच्या दिशेनं वळतो. गुळगुळीत पॉलिएस्टरचा चेंडू मात्र जवळजवळ सरळच जातो.

घरी करून बघा: चेंडूला उलटी फिरकी देऊन फरशीवर सोडा. कोरड्या फरशीवर तो मागे येईल, साबणाच्या पाण्यावर पुढेच घसरेल. (नंतर फरशी नीट पुसून घ्या, नाहीतर तुम्हीच घसराल!)